चोपन्न किलो

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. वारा लागतो. लांब कुठेतरी कुत्रं रडायला लागतं.

माझ्याकडे यातलं काही नाही.

माझ्याकडे आहे शनिवारची दुपार. साडेतीन वाजलेत. बाहेर लख्ख ऊन. आणि माझा सख्खा मामा त्याच्या दुकानात एकटा...

निदान त्याला तसं वाटत होतं.

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही म्हणाल, सगळे असंच म्हणतात. म्हणोत. पण माझ्या मामाला थापा मारता येत नाहीत, त्याचा धंदाच आड येतो. मामा वजनकाटे दुरुस्त करतो. कोणी "साधारण पाच किलो" म्हटलं तरी त्याचं डोकं फिरतं. "साधारण म्हणजे काय? चार किलो नऊशे की पाच किलो शंभर? नीट सांग!" असा माणूस. त्याने मला हे एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकही आकडा साधारण नव्हता.

आई म्हणते, लिहू नकोस, लोक हसतील. गेल्या मंगळवारपर्यंत मी ऐकलंही तिचं. पण मंगळवारी सकाळी शाळेच्या गेटवर जे झालं, त्यानंतर मला गप्प बसवत नाहीये.

आधी दुकान समजून घ्या. ते समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

मामाचं दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. एका टोकाला शटर, दुसऱ्या टोकाला टेबल. मधे जमिनीवर काटेच काटे. शटरजवळ सगळ्यात मोठा, पिंपं आणि पोती तोलायचा, म्हैस आरामात उभी राहील एवढा. मग पार्सलवाल्यांचा. मग दवाखान्यातला, माणसांचा. दुरुस्त केलेला काटा आधी तासभर चालू ठेवून गरम होऊ द्यावा लागतो, म्हणून हे सगळे दिवसभर चालूच असतात. त्यांच्या वायरी भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत येतात आणि टेबलावर आकड्यांचे डबे ओळीने मांडलेले असतात.

शेवटचा काटा मामाचा स्वतःचा. टेबलासमोर, जिथे आपण पायपुसणं टाकू, तिथे त्याने एक चपटा काटा बसवलाय आणि तो त्याच्यावर उभा राहूनच काम करतो. सकाळी आल्या आल्या बघायचं. एकाहत्तर. बारा वर्षं झाली, एकाहत्तर. मामी म्हणते, "माझं रांधणं सगळं पाण्यात गेलं."

आणि एक गोष्ट. एखादी वस्तू काट्यावर ठेवली की आकडा थांबतो आणि डब्याच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागतो. जिवंत माणूस उभा राहिला की आकडा थांबत नाही. आपण श्वास घेतो ना! आकडा डुलत राहतो. जरा वर, जरा खाली, जरा वर. हिरवा दिवा लागतच नाही.

मी लहान असताना मामा मला काट्यावर उभं करायचा आणि ओरडायचा, "श्वास धर कार्टे! दिवा लागला पाहिजे!" मी गाल फुगवून टोमॅटो व्हायचे. दिवा काही लागायचा नाही. "श्वास धरलास तरी काळीज कुठे थांबतंय," मामा हसायचा. मग म्हणायचा, "चल, उतर!"

की मी टुणकन उडी मारायचे आणि आकडा शून्य.

हे लक्षात असू द्या.

तर, मोटरसायकल.

मामाला ती कॉलेजात असल्यापासून हवी होती. तशीच, त्याच कंपनीची, साडेसातशे सीसीची. दोन सायलेन्सर, गडद हिरवी टाकी, आणि चालू केली की छातीत ढोल वाजल्यासारखा आवाज. तेव्हा परवडली नाही. मग कंपनीने बनवणं बंद केलं. मग लग्न, दुकान, स्कूटर. आता मामा चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि गेली तीन वर्षं जेवताना एकच विषय. जुनी घ्यावी का? पार्ट मिळतील का? पाठ धरेल का? लोक हसतील का?

"हो, हसतील," मामी म्हणायची. "घे आणि एकदाचा गप्प हो. नाहीतर नको घेऊस आणि एकदाचा गप्प हो. पण गप्प हो."

आणि मग ती सापडली. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर आता म्हातारे झालेले, दवाखाना बंद केलेला, घरात एकटेच. गाडी बावीस वर्षांची, पण अशी ठेवलेली की टाकीत तोंड दिसावं.

मामा म्हणाला, "किंमत जरा जास्त वाटतेय..."

"तुम्ही म्हणाल ती," डॉक्टर म्हणाले.

मामाने मागे वळून बघितलं, हे दुसऱ्या कोणाला म्हणतायत का.

"आत्ता पैसेही नकोत. आज गुरुवार. चार दिवस घरी न्या, चालवा. रविवारी सकाळी सांगा घेताय की नाही."

"डबलसीट फार चालवलीत का?" मामाने विचारलं. तो प्रश्न त्याच्या यादीत होता. त्याने सत्तावीस प्रश्नांची यादी नेली होती.

डॉक्टरांनी मागच्या सीटकडे बघितलं.

"मी कधीच कोणाला मागे बसवलं नाही," ते म्हणाले.

मग आत जाऊन हेल्मेट घेऊन आले. दोन.

"मला एक पुरे," मामा म्हणाला.

"दोन्ही घ्या."

"अहो, पण मी एकटाच..."

"दोन्ही घ्या," डॉक्टर पुन्हा म्हणाले, आणि दुसरं हेल्मेट त्यांनी स्वतःच मागच्या सीटला अडकवलं. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसं.

मामाला आनंदात यातलं काही दिसलं नाही. तो निघाला.

आणि पहिल्याच चढावर त्याचं तोंड पडलं.

साडेसातशे सीसी! चढ बघून ती गाडी हसली पाहिजे. ही कुरकुरत होती. जोर होता, आवाज होता, पण पाठीवर ओझं घेतल्यासारखी चढत होती. पुढचं हँडल हलकं लागत होतं. वळणावर मागचं चाक उशिरा वळल्यासारखं वाटत होतं.

तीन वर्षं! तीन वर्षं ज्या गाडीची स्वप्नं बघितली ती ही?

शुक्रवारी सकाळी मामा ती घेऊन मेकॅनिककडे गेला. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण तो जेवतानाही खिशात पाना ठेवतो. पान्याने इंजिन ऐकलं. प्लग काढून बघितले. चाकं फिरवून बघितली.

"इंजिन लोण्यासारखं आहे. काय झालंय हिला?"

"ओढत नाहीये रे!"

"मागची स्प्रिंग बसलीय तुझी. हे बघ." पान्याने मागची सीट दाबून दाखवली. "हिला एवढी खाली बसायचं कारण काय? वर कोणी बसलंय का?"

त्याने स्प्रिंग कसून एकदम कडक केली. गाडी तीन बोटं वर आली. मामा खुश.

दुपारी जेवून बाहेर आला तर गाडी परत खाली बसलेली. तीन बोटं. मोजून.

आणि मागचे फूटरेस्ट उघडे होते.

मामाने ते सकाळी स्वतः पायाने मिटले होते. त्याला उघडे फूटरेस्ट आवडत नाहीत, पोटरीला लागतात. त्याने परत मिटले. खट. खट. कडक होते, आपोआप उघडण्यातले नव्हते.

संध्याकाळी बघितलं...

उघडे. दोन्ही.

"कार्टे, तू खेळलीस का गाडीशी?" त्याने मला फोन करून विचारलं. मी शाळेतून नुकतीच घरी आले होते, त्यांच्या घरापासून चार गल्ल्या लांब.

"मामा, मी नववीत आहे. मी गाड्यांशी खेळत नाही."

"मग कोण खेळतंय?"

ते मला कसं माहीत असणार?

त्याच संध्याकाळी मामीने मोठं मन केलं. तीन वर्षं टोमणे मारून झाल्यावर म्हणाली, "चल, एक चक्कर मार मला घेऊन. बघू तरी काय आहे एवढं."

मामाला केवढा आनंद झाला असेल! त्याने गाडी चालू केली, नीट धरली. मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पाय टाकला, बसली...

आणि लगेच उतरली.

"काय झालं?"

"जागा नाहीये."

"काय?"

"जागा नाहीये मागे."

मामाने वळून बघितलं. अख्खी सीट रिकामी. दोघंजण मावतील एवढी.

"हात दीड हात जागा आहे!"

"असेल. मला बसता येत नाहीये." मामीने पदराला हात पुसले, काहीतरी चिकटल्यासारखे. "ती सीट गरम का आहे?"

"इंजिन तापतं म्हणून!"

"इंजिन पुढे आहे."

झालं. मामा भडकला. नको असेल तर सरळ सांग, नाटकं कशाला, तीन वर्षांत एकदा माझ्या मनासारखं होतंय तर तेही बघवत नाही, वगैरे वगैरे. एरवी मामी एकाला चार ऐकवते. त्या दिवशी ती दारात उभी राहून नुसती गाडीकडे बघत होती. आणि गाडीकडेही नाही... गाडीच्या जरा वर.

मामाने रागारागाने ते दुसरं हेल्मेट उचलून घरात आणलं. कपाटावर फेकायला म्हणून त्यात हात घातला.

आतलं अस्तर कोमट होतं.

आत्ताच कोणीतरी डोक्यातून काढल्यासारखं.

रात्रभर तो धुमसत होता. भूतबीत हा विचारही त्याच्या डोक्यात नव्हता. त्याला राग येत होता. गाडी चांगली आहे. इंजिन चांगलं आहे. स्प्रिंग कसली आहे. मग चूक कुठे आहे? घ्यायची की नाही घ्यायची, हे ठरवायला हातात दीड दिवस, आणि ठरवायचं तरी कशाच्या जोरावर?

आणि शनिवारी दुपारी त्याच्या डोक्यात आलं ते फक्त त्याच्याच डोक्यात येऊ शकतं.

तोलून बघू.

गाडीबरोबर कंपनीचं जुनं पुस्तक होतं. त्यात वजन दिलेलं. दोनशे वीस. टाकीतल्या पेट्रोलचे सहा धरले. दोनशे सव्वीस. याच्या वर जे निघेल ती चूक. कोणीतरी जड सायलेन्सर बसवला असेल, फ्रेममध्ये लोखंड भरलं असेल. निघेल काहीतरी!

साडेतीन वाजता त्याने शटर अर्धं उघडं ठेवून गाडी आत घेतली. ढकलत मोठ्या काट्यावर चढवली. बाजूच्या स्टँडवर उभी केली. हात सोडले. खाली उतरला. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी गेला आणि सवयीने आपल्या चपट्या काट्यावर उभा राहिला. पाठ दुकानाकडे. समोर डब्यांची ओळ.

पहिला डबा, मोठ्या काट्याचा.

दोनशे ऐंशी.

म्हणजे चोपन्न किलो जास्त!

"सापडलीस!" मामा मोठ्याने म्हणाला. खरंच खुश झाला होता तो. चोपन्न किलो म्हणजे काही खिशातला रुमाल नाही. कुठे लपवणार?

तो परत गेला. गाडीची पेटी उघडली, रिकामी. सायलेन्सर ठोकून बघितला. फ्रेम ठोकून बघितली. सीट उचलून खाली बघितलं. मग पुढचं चाक वेगळं तोललं, मागचं वेगळं. पुढचं बरोबर. जास्तीचं जवळजवळ सगळं मागे.

मागे कुठे?

मागे काहीच नव्हतं.

मामाने काटाच चुकला असेल म्हणून गाडी खाली घेतली, वीस किलोची प्रमाणित वजनं आणून चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली. वीस. वीस. वीस. वीस. काटा सरळ. गाडी परत चढवली. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. परत टेबलाशी आला.

दोनशे ऐंशी.

मामा डब्याकडे बघत उभा राहिला. चिडून, थकून. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ त्याने एक गोष्ट बघितलीच नव्हती.

हिरवा दिवा लागलेला नव्हता.

दोनशे ऐंशी... दोनशे ऐंशी शंभर...

दोनशे ऐंशी... दोनशे एकोणऐंशी नऊशे...

वर. खाली. वर. खाली.

पंखा बंद होता. रस्त्यावरून ट्रक जात नव्हता. गाडी स्टँडवर दगडासारखी उभी होती.

आकडा डुलत होता.

सावकाश. एका लयीत.

मामा सांगतो, त्याला तेव्हा भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. पण बारा वर्षांची सवय! काट्यावर जिवंत काही असलं आणि आकडा थांबत नसला की तोंडातून जे निघायचं तेच निघालं. दोन दिवसांचा सगळा वैताग त्या एका शब्दात घालून तो ओरडला,

"उतर!"

क्षणभर काहीच झालं नाही.

मग मागे, दुकानाच्या त्या टोकाला, गाडीची स्प्रिंग बोलली.

कुँईं...

माणूस उतरला की बोलते तशी.

दोनशे सव्वीस. हिरवा दिवा.

मामाने मागे वळून बघितलं नाही. वळवतच नव्हतं. तो नुसता डब्यांकडे बघत राहिला.

दुसरा डबा पार्सलवाल्यांच्या काट्याचा. त्यावर शून्य होतं.

टीं.

चोपन्न.

चोपन्न... चोपन्न शंभर... त्रेपन्न नऊशे...

मग शून्य.

तिसरा डबा. दवाखान्याचा काटा. मामापासून पाच पावलांवर.

टीं.

चोपन्न.

इथे ते जरा जास्त वेळ थांबलं. माणसं थांबतात तसं, त्या काट्यावर.

शून्य.

आता उरला एकच डबा. मामाच्या अगदी नाकासमोर. त्याचा स्वतःचा. एकाहत्तर.

मामा मनात म्हणत होता, एकाहत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर.

मानेवर काही लागलं नाही. थंड वारा नाही, हात नाही, काही नाही. पाठीमागे नुसतं... भरल्यासारखं वाटलं. गर्दीत मागे कोणी येऊन उभं राहिलं की न बघता कळतं, तसं.

टीं.

एकशे पंचवीस.

मामाने श्वास धरला. अगदी मी धरायचे तसा.

आकडा तरीही डुलत होता.

किती वेळ, त्याला सांगता येत नाही. वेळ हा एकच आकडा त्याला नक्की माहीत नाही. मग पायाखाली पत्रा जरासा हलला आणि समोर एकाहत्तर दिसलं. मधल्या दोन्ही डब्यांवर शून्य, पहिल्यावर नुसती गाडी.

सुटलो, असं तुम्हाला वाटेल. मामालाही आधी तसंच वाटलं.

मग त्याला कळलं. शून्य म्हणजे गेलं असं नाही. शून्य म्हणजे ते काट्यावर नाही.

आणि त्या दुकानात जिथे काटा नाही अशी जागा बरीच आहे.

गाडी काट्यावरून कशी उतरवली, शटर कसं ओढलं, त्याला आठवत नाही. आठवतं ते थेट चढावरचं. तोच चढ, गुरुवारी जिथे तोंड पडलं होतं. मामाने ॲक्सिलरेटर जरासा पिळला...

आणि गाडी उडाली!

खरंच. काडीसारखी. हँडल घट्ट, वळण नेमकं, छातीत ढोल. मामा हेल्मेटच्या आत वेड्यासारखा हसत होता. नंतर म्हणाला, थोडा रडतही होता. हीच ती! हीच गाडी कॉलेजात असताना स्वप्नात यायची.

घरी येईपर्यंत त्याने स्वतःला समजावलंही होतं. वायरींत ओल गेली असेल. एका डब्याचा आकडा दुसऱ्यावर गेला असेल. स्प्रिंग अडकली होती, ती सुटली. काहीही. माणसाला एखादी गोष्ट एवढी हवी असली ना, की तो काहीही पटवून घेतो स्वतःला.

त्याने मामीला सांगितलं, "ठरलं. घेतोय."

मामी बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवून आली. "थंड आहे आता," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी नऊ वाजता मामा डॉक्टरांच्या दारात. दोन्ही हेल्मेट, सगळे कागद, नवा शर्ट.

"घेतो मी!" त्याने गाडीवरूनच सांगितलं.

डॉक्टर मामाकडे बघतच नव्हते. ते त्याच्या मागे बघत होते. मग हळूहळू जवळ आले, मागच्या सीटवर तळवा ठेवला आणि दाबला. सोडला. सीट टपकन वर आली.

त्यांनी परत दाबला. परत वर आली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"कुठे उतरवलंत?" त्यांनी विचारलं.

मामा गाडीवरून खाली उतरला. "काय... कोणाला? मी नुसतं 'उतर' म्हणालो, दुकानात..."

"तुम्ही 'उतर' म्हणालात? सरळ तोंडावर?" डॉक्टर हसायला लागले. "अकरा वर्षं, अहो! अकरा वर्षं मला हे सुचलं नाही. मी सगळं करून बघितलं. हात जोडले, शिव्या दिल्या, गाडी वर्षभर झाकून ठेवली. उतर असं कधी म्हणालोच नाही. वाटायचं, उतरलं तर जाईल कुठे?"

"कोण आहे ते?"

"मला काय माहीत? मीसुद्धा सेकंडहँडच घेतली होती."

मामाने ओठांवरून जीभ फिरवली. "बरं, ते जाऊ द्या. व्यवहाराचं बोलू."

"कसला व्यवहार?" डॉक्टरांनी किल्ली काढून खिशात टाकली. "मी विकत होतो त्याला एक कारण होतं. आता ते कारण राहिलं नाही. मी चालवीन की माझी गाडी!"

"अहो, पण तुम्ही शब्द दिला होता! म्हणाल ती किंमत म्हणालात!"

"म्हणालो होतो. माफ करा."

चार दिवस. सत्तावीस प्रश्न. मामीशी भांडण. शनिवारची ती दुपार. आणि ज्या क्षणी ठरलं, त्या क्षणी गाडी गेली! मामा तिथेच रस्त्यावर उभा राहून ओरडला, वाद घातला, शेवटी विनवण्या केल्या. डॉक्टर ऐकून घेत होते आणि हात मात्र टाकीवरून फिरवत होते.

शेवटी म्हणाले, "चला, घरी सोडतो तुम्हाला. मागची सीट रिकामी आहे आता."

मामा म्हणाला, चालत जाईन.

त्याने हेल्मेट परत दिली. डॉक्टरांनी एक ठेवून घेतलं. दुसरं मामाच्या हातात परत दिलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"हे राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "लागेल."

एवढीच गोष्ट मामाने मला सांगितली.

पुढचं माझं आहे.

मामा रोज सकाळी दुकानात जाताना मला स्कूटरवरून शाळेत सोडतो. पहिलीपासून. त्या रविवारनंतर आठवडाभर तो आलाच नाही. बस पकड म्हणाला, चालत जा म्हणाला, स्कूटर बिघडलीय म्हणाला. आई म्हणाली, "गाडी मिळाली नाही म्हणून रुसून बसलाय. चव्वेचाळीस वर्षांचं बाळ."

मंगळवारी मला उशीर झाला होता. चाचणी होती. मी सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "मामा, सोड ना! दहा मिनिटं राहिलीत!"

तो आधी नाहीच म्हणाला. मग स्कूटर काढली. स्कूटरच्या हुकाला ते हेल्मेट लटकत होतं.

"मला देतोयस?"

"ते तुझं नाही," मामा म्हणाला.

मी बसले. म्हणजे टेकले. नेहमीची माझी जागा, पहिलीपासूनची, आणि मी पार कडेला, मागच्या दांडीवर अर्धी. पुढे सरकायला गेले तर सरकता येईना. मामाच्या आणि माझ्या मधे वीतभर जागा होती. रिकामी.

"पुढे का येत नाहीयेस?" मामाने विचारलं. आवाज अगदी हळू.

"जागा..." मी म्हणाले, आणि थांबले.

मामीचं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मामाने ते गाळलं होतं, मामीने मला नंतर सांगितलं.

शाळेच्या चढावर स्कूटर जवळजवळ बंद पडली.

गेटवर त्याने ती थांबवली. एवढी वर्षं तो काय म्हणायचा ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तो म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटून सीटवरून उठला आणि समोर बघत राहिला.

मी आपणहून उतरले. टुणकन.

स्कूटरची स्प्रिंग कुँईं करत वर आली...

थोडीशी.

पूर्ण नाही.

मी मामाकडे बघितलं. मामाने माझ्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते, तो सीटवरून उठून स्कूटर हातांनी धरून उभा होता. सीटवर कोणीच नव्हतं.

घंटा झाली.

"जा," मामा म्हणाला. "आणि घरी कोणाला तो शब्द म्हणू नकोस. मी अजून ठरवलं नाहीये."

"काय ठरवलं नाहीयेस?"

मामाने हुकावरचं ते हेल्मेट काढलं, मागच्या सीटवर नीट ठेवलं.

"कुठे उतरवायचं," तो म्हणाला.

चाचणीत मला काहीही आलं नाही. संध्याकाळी दप्तर उचललं तेव्हा वाटलं, जड आहे. मी ते खाली ठेवून वह्या मोजल्या. वह्या तेवढ्याच होत्या.

घरात आमचा वजनकाटा आहे, न्हाणीघराच्या दाराशी. मामानेच दिलेला.

मी अजून त्यावर उभी राहिलेली नाही.